परवाना बंदराचा, दर्जा देशाचा

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : बंदर पायलटांची पात्रता, प्रशिक्षण व परवाना यांसाठी देशभर एकच किमान दर्जा ठरवण्याबाबत

महोदय,



पालघरला 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा आकड्यांची सरबत्ती झाली होती. 76,220 कोटी रुपये खर्च, प्रत्येकी हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला 29 कोटी 80 लाख टन मालाची क्षमता. मच्छीमारांच्या पोटापाण्याबद्दल आणि किनाऱ्याच्या पर्यावरणाबद्दल वाद झाले, अजूनही चालू आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण एक साधा प्रश्न या सगळ्या चर्चेत माझ्या तरी कानावर आला नाही. चारशे मीटर लांबीचे जहाज त्या धक्क्याला लावणारा माणूस कोण असेल? तो काय शिकलेला असेल? आणि तो शिकला आहे की नाही, हे कोणी तपासलेले असेल?

तो माणूस म्हणजे बंदराचा पायलट. जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेला मी एक दर्यावर्दी आहे. देशोदेशीच्या पायलटांच्या शेजारी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, उभे राहण्यात उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आणि सार्वजनिक नोंदींच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

पायलटाचे काम बहुतेकांच्या नजरेआड होते, म्हणून आधी ते सांगतो. जहाज बंदराच्या तोंडाशी आले की एक छोटी लाँच त्याच्या कुशीला लागते. वरून दोरखंडाची शिडी सोडलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे या शिडीवरून 9 मीटरांहून जास्त चढायला लावता येत नाही. जहाज त्याहून उंच असेल तर जोडीला दुसरा जिना लावावा लागतो. पावसाळ्यात, अपरात्री, पायाखालची लाँच वरखाली होत असताना पायलट ती शिडी पकडतो. ब्रिजवर पोचल्यावर कप्तानाशी बोलायला त्याला मोजकी मिनिटे मिळतात. ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसले आहे) किती, इंजिन उलटे फिरवले की नाळ कोणत्या बाजूला वळते, कोणते यंत्र आज रुसले आहे, टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) किती आणि कुठे बांधायचे, एवढे उरकायचे. मग ज्या जहाजावर कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवले, ते अरुंद वाहिनीतून, वारा आणि प्रवाह सांभाळत, धक्क्यापर्यंत न्यायचे.

या काळात जहाजाचा ताबा कप्तानाकडेच असतो. पनामा कालवा हा ठळक अपवाद. तिथे नियंत्रण कालव्याचा पायलट स्वतःकडे घेतो. एरवी पायलट वाट दाखवतो आणि कप्तान जबाबदार राहतो. आपल्या 1908 च्या बंदर कायद्यात हे नाते कलम 31 मध्ये बांधलेले होते. ते कलम ज्या बंदरांना लागू केले होते, तिथे 200 टन वा त्याहून मोठ्या जहाजाला पायलट, हार्बर मास्टर किंवा त्यांचा सहायक जहाजावर असल्याशिवाय आत येता, बाहेर जाता किंवा हलता येत नसे. आणि पायलट घेणे सक्तीचे असले, तरी नुकसान झाल्यास मालक आणि कप्तान यांची जबाबदारी सुटत नसे.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. कप्तानाला पायलट नाकारता येत नाही. दोन-तिघांतून निवडता येत नाही. त्याने काय शिक्षण घेतले हे विचारायला वेळ नाही. आणि चूक झालीच, तर भुर्दंड जहाजाला. इतका विश्वास कायद्याने सक्तीने ठेवायला लावला असेल, तर त्या विश्वासाची हमीही कायद्यानेच द्यायला हवी. पायलटाचा परवाना ही ती हमी आहे. म्हणून तो कोण देतो आणि कशाच्या बळावर देतो, ही बंदराची घरगुती बाब राहत नाही.

सध्याची रीत अशी आहे. पायलटांच्या परवान्याचे विनियम प्रत्येक मोठ्या बंदराचे स्वतंत्र. साधारणपणे परदेशगामी जहाजाच्या कप्तानाचे प्रमाणपत्र असलेला उमेदवार घेतात, जुन्या पायलटांबरोबर त्याला काही महिने जहाजे आणायला-न्यायला लावतात आणि मग डेप्युटी कॉन्झर्व्हेटर, हार्बर मास्टर अशा अधिकाऱ्यांची समिती त्याची परीक्षा घेते. परीक्षेचे विषय वाचले तर ते बनवणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. टक्कर टाळण्याचे नियम, भरती-ओहोटीचा वेग, पाण्याची खोली आणि तळ चिखलाचा की वाळूचा, खडक, उथळे, बोयांच्या आणि दीपगृहांच्या खुणा, नांगर टाकायच्या जागा, प्रवाहात जहाज कसे फिरवायचे, कसे बांधायचे. यातले काहीही आज जुने झालेले नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, आणि इंदिरा गोदीचा प्रवेशमार्ग जेमतेम 30.5 मीटर रुंद आहे. त्या फटीतून जहाज आत घालायचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते तिथल्या पाण्यातच मिळते.

कोलकात्याची वाट निराळी. समुद्रातल्या सँडहेड्सपासून गोदीपर्यंत दोनशे किलोमीटरांहून लांब पल्ला, त्यातला बराचसा हुगळी नदीचा, आणि नदीचा तळ सतत जागा बदलणारा. आज जिथे खोल पाणी तिथे काही महिन्यांनी वाळूचा दांडा. अशा नदीसाठी बाहेरून आलेला कप्तान पुरत नाही. म्हणून तिथे बंदर स्वतःच तरुण प्रशिक्षणार्थी घेते, वर्षानुवर्षे घडवते आणि श्रेणी एकेक करून चढायला लावते. रेश्मा निलोफर तिथे 2011 मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झाल्या आणि 2018 मध्ये पायलट झाल्या. जगभर स्त्री पायलट मोजक्याच असताना त्यांनी हे केले, याचे कौतुक झाले ते योग्यच. मला त्यातली सात वर्षेही महत्त्वाची वाटतात.

म्हणजे आपल्याकडे विद्या आहे, परंपरा आहे, परीक्षाही आहे. उणीव दोन ठिकाणी आहे. देशाचा म्हणून एक किमान दर्जा नाही. आणि बंदर चालवणारा, पायलट नेमणारा, त्याला शिकवणारा, त्याची परीक्षा घेणारा आणि अपघातानंतर पहिली चौकशी करणारा, हे सगळे बहुधा एकाच इमारतीत बसतात. त्या इमारतीचे उत्पन्न जहाजे किती लवकर आत-बाहेर होतात यावर अवलंबून असते. पायलट कमी पडले म्हणून जहाजे बाहेर ताटकळत आहेत, अशा दिवशी परीक्षकाने उमेदवाराला नापास करायचे, तर त्याला फार ताठ कणा लागतो. व्यवस्था अशी असावी की सामान्य कण्याच्या माणसालाही ते जमावे.

हा धोका कल्पनेतला नाही. ब्रिटनमध्ये 1987 च्या पायलटेज कायद्याने परवान्याचे अधिकार स्थानिक बंदरांकडे दिले. 15 फेब्रुवारी 1996 च्या रात्री वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदराच्या तोंडाशी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज, पायलट ब्रिजवर असताना, खडकावर आदळले. त्यानंतरच्या दिवसांत सुमारे 72,000 टन कच्चे तेल समुद्रात गेले. चौकशीत पायलटाची चूक निघाली. पण तपास तिथे थांबला नाही. मोठी तेलवाहू जहाजे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि अनुभव त्याला पुरेसा मिळालेला नव्हता, असेही निष्पन्न झाले. म्हणजे परवान्यावर सही होती, तिच्यामागची तयारी अपुरी होती. खटला बंदर प्राधिकरणावर भरला गेला. 1999 मध्ये त्याला 40 लाख पौंडांचा दंड झाला, तो अपिलात साडेसात लाखांवर आला. पुढे 2000 साली ब्रिटनने बंदरांसाठी सागरी सुरक्षेची संहिता आणली. परवाना देणे स्थानिक बंदराकडेच राहिले, मात्र दर्जा कोणता पाळायचा आणि तो पाळल्याचा हिशेब कसा द्यायचा, हे देशाने ठरवले. मला आपल्याकडे नेमके हेच हवे आहे.

दुसरे उदाहरण शरीराच्या पात्रतेचे. 7 नोव्हेंबर 2007 रोजी दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाभोवतीच्या संरक्षक कठड्याला घासले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन उपसागरात सांडले. पायलट अनुभवी होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जे शोधून काढले ते विचार करायला लावणारे आहे : डॉक्टरांनी दिलेल्या औषधांमुळे त्याची आकलनशक्ती मंदावली होती, आणि त्याने स्वतः कळवलेली वैद्यकीय माहिती हाती असूनही तटरक्षक दलाने तिची पुरेशी छाननी केली नव्हती. कागद भरला गेला होता, वाचला गेला नव्हता. फॉर्म भरून घेण्यात आपणही मागे नाही. म्हणून हे मुद्दाम सांगतो.

चांगला पायलट काय वाचवतो, हेही सांगायला हवे. 26 मार्च 2024 रोजी बाल्टिमोरहून निघालेल्या ‘डाली’ जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलावर जाऊन आदळले. जहाजावर दोन स्थानिक पायलट होते, एक ज्येष्ठ आणि एक शिकाऊ. खलाशी जवळजवळ सगळे आपले भारतीय. हाताशी उरलेल्या त्या मोजक्या मिनिटांत नांगर टाकायला सांगितले गेले, टगला हाक गेली आणि पुलावरची वाहतूक थांबवा असा निरोप गेला. पुलावर काम करणारे सहा कामगार वाचू शकले नाहीत. पण पोलिसांनी गाड्या दोन्ही टोकांना रोखल्या होत्या, म्हणून मृतांचा आकडा सहावर थांबला. वीज नसलेल्या जहाजावर काय आधी आणि काय नंतर, हे त्या क्षणी विचार करून सुचत नाही; ते सरावाने अंगात मुरलेले असावे लागते.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईच्या खाडीमुखातली मुख्य वाहिनी एक, आणि तिच्यावर जहाजे दोन मोठ्या बंदरांची : मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर. त्यात नौदल, तेलक्षेत्राच्या बोटी, धरमतर खाडीत जाणारे बार्ज, मांडवा-घारापुरीच्या लाँच आणि मासेमारीच्या होड्या. 7 ऑगस्ट 2010 रोजी न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलीजिया 3’ यांची टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडले, रायगडच्या किनाऱ्यापर्यंत तवंग गेला, आणि दोन्ही बंदरांची ये-जा कित्येक दिवस खोळंबली. दोष कोणाचा किती, हे ठरवायला हे पत्र नाही. पण एकाच पाण्यावर दोन बंदरे असतील, तर तिथे काम करणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण, शब्दप्रयोग आणि सवयी एका मापाच्या असाव्यात, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

जहाजेही बदलली आहेत. 9 जून 2025 रोजी केरळमधल्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ आले : लांबी 400 मीटरांच्या जवळ, रुंदी 61 मीटर, क्षमता चोवीस हजारांहून अधिक कंटेनरांची. अशा जहाजावर रचलेल्या कंटेनरांची भिंत वाऱ्याला शिडासारखी पकड देते. उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज खाली बसते, आणि वेग दुप्पट केला तर हे बसणे साधारण चौपट होते; कागदावर तळाखाली दीड मीटर पाणी दिसते, प्रत्यक्षात अर्धा मीटर उरतो. दोनशे मीटरांच्या जहाजावर वीस वर्षे घालवलेल्या पायलटालाही हे नव्याने शिकावे लागते. जयगडसारख्या, मोठ्या बंदरांच्या यादीबाहेरच्या बंदरातही आज केपसाइझ, म्हणजे अवाढव्य मालवाहू, जहाजे येतात. यादीत बंदराचे नाव कुठे आहे, हे जहाजाला ठाऊक नसते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2003 मध्ये ए 960 हा ठराव करून पायलटांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि कामाची पद्धत यांबाबत शिफारशी केल्या. पाच वर्षांहून जास्त अंतर पडू न देता पायलटाची पात्रता पुन्हा तपासावी, असे त्यात आहे. पण प्रत्येक बंदराचे पाणी वेगळे, म्हणून परवाना देण्याच्या कामात आपण पडणार नाही, असेही संघटनेने स्पष्ट म्हटले. म्हणजे वरून कोणी सक्ती करणार नाही. ते काम प्रत्येक देशाने स्वतःचे स्वतः करायचे आहे.

आपल्यापुढे त्यासाठी चांगली वेळ आहे. 1908 चा कायदा जाऊन 2025 चा भारतीय बंदरे अधिनियम आला. नवा कायदा आला की त्याखालचे नियम नव्याने लिहावे लागतात. त्या नियमांत पुढील पाच गोष्टी याव्यात, ही माझी मागणी आहे.

पहिली : प्रवेशाच्या दोन वाटा मान्य करा, कप्तानाचे प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्याची आणि कोलकात्यासारखी बंदरातच घडणाऱ्याची. दोन्हींसाठी किमान प्रशिक्षण, देखरेखीखालच्या फेऱ्या आणि सिम्युलेटरवरचा सराव किती, हे देशपातळीवर ठरवा. त्यावर स्थानिक गरजेप्रमाणे भर घालायला बंदर मोकळे असावे. त्यातून वजा करायला नसावे.

दुसरी : परवाना श्रेणीचा असावा. लहान जहाजापासून सुरुवात, आणि लांबी, ड्राफ्ट, मालाचा प्रकार यांप्रमाणे वरची श्रेणी. वर चढायला निव्वळ वर्षे मोजू नयेत. त्या आकाराच्या जहाजावरचा सराव आणि परीक्षा मोजावी. जपाननेही 2007 पासून पायलट परवान्याच्या तीन श्रेणी केल्या आहेत.

तिसरी : परीक्षा समितीत किमान एक परीक्षक त्या बंदराबाहेरचा, नौवहन प्रशासनाने नेमलेला असावा. त्याच्या सहीशिवाय परवाना नसावा, आणि त्याचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. पायलट कायम नोकरीतला असो की कंत्राटावरचा, त्याला कसोटी तीच.

चौथी : पाच वर्षांच्या आत पुनर्तपासणी, त्यात गंभीर आजारांबरोबर झोपेचे विकार आणि चालू औषधे यांची खरी छाननी. शिवाय विश्रांतीचे तास. जहाजावरच्या खलाशाला 24 तासांत किमान 10 तास विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याच्याच ब्रिजवर उभ्या राहणाऱ्या पायलटाची झोप मात्र बंदराच्या पाळीपत्रकावर सोडलेली चालणार नाही.

पाचवी : सदोष शिडी दिसली तर चढायला नकार देण्याचा पायलटाचा हक्क नियमात लिहा, आणि त्या नकारापायी त्याच्यावर कारवाई होणार नाही हेही लिहा. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध करा. एका बंदराला मिळालेला धडा दुसऱ्याने पुन्हा किंमत मोजून का शिकावा?

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, अशाने पायलट मिळणार नाहीत. कप्तानाला परदेशी जहाजावर बंदराच्या पगारापेक्षा अधिक पैसे मिळतात, हे खरे. त्यावर उपाय पगार आणि कामाचे तास सुधारणे हा आहे, शिवाय बंदरातच माणूस घडवायची दुसरी वाट रुंद करणे. त्या वाटेने कोकणातली, भरती-ओहोटी लहानपणापासून ओळखणारी मुले-मुलीही येऊ शकतील. परीक्षेची उंची कमी करणे हा उपाय नव्हे. तुटवडा त्याने दिसेनासा होतो, मिटत नाही.

दुसरा आक्षेप, लहान बंदरे राज्यांची. घटनेनुसार मोठी बंदरे संघसूचीत आहेत, तर इतर बंदरे समवर्ती सूचीत. म्हणजे त्यांच्यासाठीही किमान दर्जा ठरवायला केंद्राला वाव आहे, आणि अंमलबजावणी राज्यांच्या सागरी मंडळांनी करायची. महाराष्ट्र सागरी मंडळ 1996 पासून आहे, आणि वाढवणमध्ये त्याचा 26 टक्के वाटाही आहे. त्याने पुढाकार घेतला तर इतर राज्यांना नमुना मिळेल.

तिसरा, यात सरकारी लाल फीत वाढेल. एक बाहेरचा परीक्षक, एक सिम्युलेटर अभ्यासक्रम आणि पाच वर्षांतून एकदा तपासणी, यांना लाल फीत म्हणत असतील तर ती मला मंजूर आहे. धक्का, क्रेन आणि गाळउपसा यांवर आपण हजारो कोटी ओततो. त्या सगळ्याचा उपयोग होणे न होणे ज्या माणसाच्या निर्णयावर असते, त्याच्या शिक्षणावरचा खर्च त्यात दिसणारसुद्धा नाही.

आपणाकडून मला घोषणेची अपेक्षा नाही. नियमांचा मसुदा काढा, तो इंग्रजी-हिंदीबरोबर किनारी राज्यांच्या भाषांतही प्रसिद्ध करा, पायलट, कप्तान, टगचालक आणि मच्छीमार संस्था यांच्याकडून हरकती मागवा, आणि मुदत जाहीर करा. मसुदा निघाला की पहिल्या आठवड्यात माझ्या लेखी सूचना आपल्या कार्यालयात पोचतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त दर्यावर्दी
रत्नागिरी